जस्तावरचा लाजरा मंगळ

[नाशिक. दालनाची भिंत. कॅमेरा लाल वर्तुळावर थांबतो.]

लाल वर्तुळाला पापण्या आहेत, आणि त्या मिटलेल्या आहेत. हा मंगळ, कुसुमाग्रजांच्या 'पृथ्वीचे प्रेमगीत'मधला, लाजून लाल झालेला. कविता 'विशाखा'तली, संग्रह १९४२ चा. सूर्यासाठी झुरणारी पृथ्वी, दारात उभा शुक्र, धूमकेतू... अतिवास्तव चित्राला आणखी काय हवं? भिंतीवरची मुद्राचित्रं, म्हणजे जस्ताच्या प्लेटवरून कागदावर छापलेली चित्रं, मात्र कवितेचा अर्थ सांगायच्या फंदात पडत नाहीत.

[जस्ताची प्लेट, कानस.]

चारही कडा कानशीने तिरक्या घासायच्या. कंटाळवाणं काम. पण ते टाळलं तर प्रेसच्या दाबाखाली धारदार कड ओला कागद कापते, वरचं फेल्ट, म्हणजे लोकरीचं जाड कापड, तेही जातं. आणि फेल्ट महाग.

[द्राक्षाचं पान, अगदी जवळून.]

प्लेट किंचित तापवून तिच्यावर सॉफ्ट ग्राउंडचा, म्हणजे ॲसिडपासून जस्त झाकणाऱ्या मऊ लेपाचा, पातळ थर. यात चरबी असते, त्यामुळे हा लेप पूर्ण सुकत नाही. त्यावर द्राक्षाचं पान, पानावर बटर पेपर, आणि हलक्या दाबाने प्रेसमधून. पान उचललं की शिरांबरोबर लेपही निघून येतो. ताजं पान नको, ते चिरडतं. रद्दीत दाबून अर्धवट सुकवलेलं हवं. उन्हाळ्यात दुपारी लेप इतका मऊ पडतो की बोटांचे ठसेही उमटतात, म्हणून हे काम सकाळचं.

१९२५ मध्ये अतिवास्तववादी चित्रकार माक्स अर्न्स्टने लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांत चित्रं शोधली. इथे पानाच्या शिरांत पृथ्वीचा तळहात सापडला. ठरवून काढला असता तर असा आला नसता.

[ट्रे, बुडबुडे, पीस.]

दहा भाग पाण्यात एक भाग नायट्रिक ॲसिड. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. लेप निघालेल्या जागी ॲसिड जस्त खातं आणि खाचा पडतात. तिथे उघड्या जस्तावर बुडबुडे धरतात. ते पिसाने सारत राहायचं, नाहीतर त्यांच्याखाली ॲसिड पोचत नाही आणि रेघ तुटक येते. वापरलेलं ॲसिड सोडा टाकून मारतात.

[शाईचे हात.]

शाई खाचांत भरायची आणि वरची पुसायची, आधी ताठ जाळीच्या कापडाने, शेवटी तळहाताने. जोर जास्त झाला की खाचांतलीही निघते, मंगळ फिका पडतो. नाशिककरांना हे तत्त्व परकं नाही. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात; करकरीत नोटेवर बोटाला लागते ती उठावाची शाई याच पद्धतीची.

[आरसा.]

छापा उलटा येतो. म्हणून प्लेटवर 'पृथ्वी' कोरताना समोर आरसा. एक वेलांटी चुकली तर तेवढी जागा खरवडा, घासा, पुन्हा लेप, पुन्हा ॲसिड.

[पेन्सिलची टोकं.]

छाप्याखाली डावीकडे ३/१५, म्हणजे पंधरांतला तिसरा. याला पोस्टर म्हणू नये. प्रत्येक प्रतीसाठी शाई नव्याने भरली, नव्याने पुसली. पंधरावा निघाला की प्लेटवर आरपार रेघ ओढतात, पुन्हा छापा निघू नये म्हणून. रेघ मारलेली ती प्लेट दालनात, दाराशी ठेवली आहे.