रडर हातात

[रबाळे एमआयडीसी. लेथ चालू.]

लेथवर कापली जातेय ती ॲल्युमिनियमची साधी नळी. एका टोकाला रॉड-एंड बेअरिंग बसेल, दुसऱ्याला मूठ. मग ती जाईल नेरूळला, विमानाच्या सिम्युलेटरच्या डाव्या रडर पेडलवर. रडर म्हणजे शेपटीवरची उभी झडप, विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी; ती पायांनी पेडल दाबून हलवतात. दोन्ही पेडलं आतून जोडलेली असतात. डावं पुढे गेलं की उजवं मागे येतं, म्हणून दांडा एकच पुरतो. ढकलला की विमानाचं नाक डावीकडे, ओढला की उजवीकडे. पायांत ताकद नसलेल्या माणसाला विमान शिकायचं तर आधी हा दांडा हवा.

[सोल्डरिंग. सेन्सर जवळून.]

दांडा किती हलला हे मोजायला इथे आधी पोटेन्शिओमीटर होता, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा. आतली पट्टी घासून झिजते, खाडीची दमट हवा तिला आणखी खाते आणि आकडा उड्या मारू लागतो. पडद्यावर नाक आपोआप झटके घेतं. शिकणाऱ्याला वाटतं, हात आपलाच चुकतोय. हे फार वाईट, कारण चुकीची सवय इथूनच लागते. म्हणून आता चुंबक आणि त्याचं क्षेत्र न शिवता ओळखणारा हॉल सेन्सर, घासणारं काहीच नाही. स्प्रिंगही जपून निवडायची. कडक असली तर खांदा लवकर भरून येतो, सैल असली तर दांड्याचा मध्य हाताला कळत नाही.

[खुर्चीतून सीटवर. पट्टा आवळताना.]

पाय पट्ट्याने मागे बांधलेत. स्नायू अचानक आखडले तर बूट पेडलवर जातो, म्हणून. योक, म्हणजे विमानाचं हातातलं सुकाणू, पूर्ण पोटाशी ओढायचा, मग दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुडघ्याला किंवा योकला अडला तर उड्डाण नाही.

[टेकऑफचा सराव.]

कामं तीन, हात दोन. पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा पूर्ण जोर, देताच नाक डावीकडे ओढलं जातं. म्हणून थ्रॉटल पुढे, तो जागच्या जागी धरणारा फ्रिक्शन नॉब घट्ट आणि उजवा हात लगेच दांड्यावर. नॉब सैल राहिला तर थ्रॉटल हळूहळू मागे सरकतो. ब्रेकचं वेगळंच. सेसना १७२ मध्ये ते पेडलच्या वरच्या भागात असतात, दांड्याने दाबले जात नाहीत. जुन्या पायपर चेरोकीत पॅनेलखाली हातब्रेक असतो. अशा शिकणाऱ्यांसाठी ते विमान सोयीचं, ते यामुळे.

[फळ्यासमोर. शिकवणारे व्हीलचेअरवर.]

शिकवणाराच दांडा वापरत असेल तर उजव्या सीटवर धोका निराळा. विद्यार्थी घाबरून पेडलवर पाय रोवून बसला, तर त्याच्या पायांपुढे मास्तरांचा हात कमी पडतो. म्हणून जमिनीवरच घोकून घ्यायचं: ‘आय हॅव कंट्रोल’ (विमान आता माझ्या हाती) ऐकताक्षणी टाचा खाली, पेडल मोकळी.

जेसिका कॉक्स यांना जन्मापासून हात नाहीत. २००८ मध्ये त्यांनी पायांनी विमान चालवून परवाना मिळवला, तो रडर पेडल नसलेल्या एरकूपवर. माणसाला जुळणारं विमान निवडलं होतं. आपल्या फ्लाइंग स्कूलमध्ये निदान एका विमानाला असा दांडा हवाच.

स्टुडंट पायलट लायसन्सला, म्हणजे शिकाऊ परवान्याला, डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) क्लास टू मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, लागते.

[लँडिंगचा सराव. पडद्यावर उलव्याची, नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी, पश्चिमेकडे तोंड.]

वारा उजवीकडून, दहा नॉट. योक उजवीकडे, दांडा थोडा पुढे. आधी उजवं चाक टेकतं, मग डावं. नाकाचं चाक रडरलाच जोडलेलं असतं, म्हणून ते टेकायच्या आत दांडा मध्यावर.

आला.