सही आणि स्थगिती

(पडद्यावर: न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ, टर्मिनल ४. जमिनीवर बसलेली माणसं, मांडीवर लॅपटॉप.)

हे प्रवासी नाहीत, वकील आहेत. जानेवारी २०१७ मधला शेवटचा शनिवार. टर्मिनलमधल्या एका डायनरची टेबलं म्हणजे त्यांचं ऑफिस झालंय. काहींच्या हातात पुठ्ठे आहेत. आपलं माणूस आत अडकलंय त्यांनी आमच्याकडे यावं, पैसे लागणार नाहीत, हे सांगायला.

आदल्या दिवशी, शुक्रवारी २७ जानेवारीला, अध्यक्षपदावर येऊन आठवडाच झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी पेंटॅगॉनमध्ये एका आदेशावर सही केली. इराण, इराक, सीरिया, येमेन, लिबिया, सोमालिया आणि सुदान या सात देशांच्या नागरिकांना ९० दिवस अमेरिकेत प्रवेश बंद. सही झाली तेव्हा कितीतरी जण विमानात होते. निघताना चालणारा व्हिसा उतरेपर्यंत बाद झाला होता. ग्रीन कार्डवाल्यांना आत घ्यायचं की नाही, हे खिडकीमागच्या अधिकाऱ्यालाही नीट माहीत नव्हतं. अमेरिकी सैन्यासाठी वर्षानुवर्षं दुभाष्याचं काम केलेल्या एका इराकी माणसाला त्या रात्री याच विमानतळावर अडकवून ठेवलं. त्याच्या वतीनं पहाटे याचिका दाखल झाली आणि शनिवारी रात्री ब्रुकलिनच्या न्यायाधीश अ‍ॅन डॉनेली यांनी अडकलेल्यांना परत पाठवायला मनाई केली.

इथे एक गोष्ट समजून घेऊ, कारण आपल्याकडे यात नेहमी गल्लत होते. आपल्याकडचा अध्यादेश म्हणजे काही काळापुरता कायदाच. अमेरिकी अध्यक्षांचा कार्यकारी आदेश तसा नाही. तो सरकारी खात्यांना दिलेला हुकूम असतो, आणि त्याचं बळ राज्यघटनेतून किंवा संसदेनं आधी केलेल्या कायद्यातून यावं लागतं. परदेशी लोकांच्या प्रवेशाबाबत हे बळ आहे १९५२ च्या कायद्यातलं कलम २१२-एफ. देशाच्या हिताला बाधक वाटेल अशा कोणत्याही परदेशी गटाचा प्रवेश अध्यक्ष थांबवू शकतात, असं ते कलम म्हणतं. किती काळ? त्यांना गरज वाटेल तितका. वाद सगळा इथेच होतो.

(पडद्यावर: सिॲटल. पावसाळी आकाश, फेडरल न्यायालयाची इमारत.)

३ फेब्रुवारी २०१७. वॉशिंग्टन राज्य, म्हणजे राजधानी नव्हे, सिॲटल ज्यात आहे ते राज्य, स्वतःच्याच केंद्र सरकारविरुद्ध न्यायालयात उभं आहे. आमच्या विद्यापीठांतले विद्यार्थी आणि प्राध्यापक अडकलेत, आमच्या कंपन्यांची माणसं अडकलीत, हे त्यांचं म्हणणं. न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केलेली. त्यांनी आदेशाला स्थगिती दिली, आणि ती फक्त सिॲटलपुरती नव्हे, देशभर. दुसऱ्याच दिवशी विमान कंपन्या त्या सात देशांच्या प्रवाशांना पुन्हा बसवू लागल्या. चार दिवसांनी अपील न्यायालयात फोनवरून युक्तिवाद झाले, ते लाखाहून जास्त लोकांनी थेट ऐकले. स्थगिती टिकली.

एका शहरातला एक न्यायाधीश देशाच्या अध्यक्षांना थांबवतो, हे पाहून तेव्हा अनेकांना धीर आला. मलाही आला. पण गोष्ट तिथे संपत नाही. सरकारनं आदेश मागे घेतला, मार्चमध्ये इराक वगळून दुसरा काढला. तोही हवाई आणि मेरीलँडमध्ये अडला. सप्टेंबरमध्ये तिसरा मसुदा आला, जास्त अभ्यासून आणि कारणं मांडून केलेला, त्यात उत्तर कोरिया आणि व्हेनेझुएलाही. २६ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा तिसरा आदेश वैध ठरवला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मते २१२-एफ अध्यक्षांना पुरेपूर मोकळीक देतं. न्यायाधीश सोटोमायोर यांनी तीव्र असहमती नोंदवली. २०२१ मध्ये जो बायडेन यांनी पदावर येताच, पहिल्याच दिवशी, एका सहीनं तो रद्द केला. दरम्यान ज्यांची लग्नं लांबली, ज्यांना आईबापांचं शेवटचं दर्शन झालं नाही, त्यांना ती वर्षं कुठलंही न्यायालय परत देऊ शकलं नाही.

(पडद्यावर: मुंबई विमानतळ, रात्र.)

ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले, आणि याच कलमाची झळ आपल्या घरांपर्यंत पोचली ती १९ सप्टेंबर २०२५ ला. एच-वन-बी, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या, नव्या अर्जावर एक लाख डॉलर, लागू रविवारपासून. त्या रविवारी सर्वपित्री अमावास्या होती, सोमवारी घटस्थापना. सुट्टीवर आलेल्यांना कंपन्यांचे मेल आले, मुदतीआधी परत या. शनिवारी व्हाइट हाउसनं खुलासा केला की हे फक्त नव्या अर्जांसाठी आहे, व्हिसा असलेल्यांसाठी नाही. तोवर लोकांनी मिळेल त्या भावानं तिकिटं काढली होती.

पण माझ्या मते याहून खोलवर गेलेला आदेश आधीचा, २० जानेवारी २०२५ चा. आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिकही नसतील, ग्रीन कार्डधारकही नसतील, तर अमेरिकेत जन्मलेलं मूलही अमेरिकी नागरिक मानायचं नाही. महिनाभरानंतर जन्मणाऱ्या बाळांना हे लागू होणार होतं. एच-वन-बीवरचं मराठी जोडपं यात सरळ येतं. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब, की पंधरा वर्षं राहून, घर घेऊनही माणूस कागदोपत्री तात्पुरताच राहतो.

(पडद्यावर: उघडी सूटकेस.)

बाळंतपणाला पुण्याहून, नाशिकहून आई जाते. बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. त्या हिवाळ्यात दिवस भरत आलेल्या घरांमध्ये या बॅगेबरोबर एक तारीखही मोजली जात होती, १९ फेब्रुवारी.

पुन्हा सिॲटल. आदेशानंतर तिसऱ्या दिवशी न्यायाधीश जॉन कफनर यांनी तो उघडउघड घटनाबाह्य म्हणून थांबवला. रेगन यांनी नेमलेले, चाळीसहून अधिक वर्षं न्यायासनावर. इतका स्पष्ट प्रश्न असलेला दुसरा खटला आपल्याला आठवत नाही, असं ते भर न्यायालयात म्हणाले. अमेरिकेत जन्मलेला तो अमेरिकी नागरिक, असं सांगणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती त्यांच्यासमोर होती, आणि १८९८ चा एक निकालही. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांपोटी जन्मलेला स्वयंपाकी वोंग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतला, तेव्हा त्याला बोटीतून उतरू दिलं नाही. स्वतःच्या जन्मगावासमोरच्या पाण्यात तो कित्येक महिने एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर फिरवला गेला. सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी त्याला नागरिक ठरवलं.

मात्र २७ जून २०२५ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की जिल्हा न्यायाधीशांनी अशी सरसकट देशव्यापी स्थगिती देऊ नये. आदेश घटनेत बसतो की नाही, यावर तेव्हा न्यायालय बोललंच नाही. रोबार्ट यांनी २०१७ मध्ये वापरलेलं हत्यार असं बोथट झालं. मला हे नुकसान वाटतं, कारण विमानतळावर अडकलेल्या माणसाकडे वर्षभर थांबायला वेळ नसतो.

वकिलांनी दुसरी वाट काढली, सामूहिक दाव्याची. १० जुलैला न्यू हॅम्पशायरमध्ये न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी या आदेशाच्या कक्षेत येणारी सगळी बाळं, जन्मलेली आणि जन्मणारी, एक गट मानली आणि आदेश पुन्हा थांबवला. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ प्रश्न सुनावणीला घेतला तो याच खटल्यात.

(पडद्यावर: दोन याचिकांची पहिली पानं शेजारी शेजारी.)

डावीकडे १८९८ चा खटला. त्यावर वोंग किम आर्क हे पूर्ण नाव आहे. उजवीकडच्या पानावर नाव आहे बार्बरा. होंडुरासहून आलेली ही बाई याचिका दाखल करताना गरोदर होती. बार्बरा हे तिचं खरं नाव नाही.