मॉड्यूल बदललं आणि गाडी चार्ज होईना

नमस्कार मंडळी. समोर निम्मे तरी गॅरेजवाले दिसताहेत, त्यामुळे विजेवरची गाडी किती चांगली वगैरे प्रस्तावना गाळतो आणि थेट तक्रारीवर येतो. बॅटरीच्या पॅकमधलं एक मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गठ्ठा, खराब झालं, ते बदललं, कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड क्लिअर केले, एक चक्कर मारून आणली, सगळं ठीक. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की चार्जिंग ऐंशी टक्क्यांच्या पुढे जात नाही, किंवा फास्ट चार्जरवर लावली की दोन मिनिटांत बंद पडते. मग पहिला संशय चार्जरवर आणि दुसरा नव्या मॉड्यूलवर. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा या दोघांचाही दोष नसतो. घोळ असतो तो नव्या-जुन्याच्या जुळणीत. आणि तो कोडमध्ये शोधून सापडत नाही, सेलच्या व्होल्टेजमध्ये सापडतो.

उदाहरणाला निसान लीफ घेतो. आपल्या रस्त्यांवर ती दिसत नाही, पण मॉड्यूल बदलण्याचा एवढा अनुभव जगात क्वचितच दुसऱ्या गाडीवर जमा झाला असेल. डिसेंबर २०१० मध्ये ती विक्रीला आली. पॅक २४ किलोवॉट-तासांचा, त्यात ४८ मॉड्यूल, प्रत्येकात चार सेल: दोन-दोन समांतर जोडून अशा दोन जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक. म्हणजे सिरीजमध्ये एकूण ९६ जोड्या, आणि पॅक भरल्यावर ३९० व्होल्टच्या आसपास. थंड करायला पाणी नाही की पंखा नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उन्हात या पॅकची क्षमता भराभर उतरली, लोक कोर्टात गेले आणि कंपनीला क्षमतेची वेगळी वॉरंटी द्यावी लागली. विदर्भातल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

आता मूळ मुद्दा. सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट एकच वाहतो. नवं मॉड्यूल म्हणून त्याला जास्त, जुनं म्हणून कमी, असं होत नाही. आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारा कॉम्प्युटर, सरासरी बघत नाही, टोकाचा सेल बघतो. पंगतीत पहिल्या माणसाने पुरे म्हटलं की वाढपी सगळ्यांचंच वाढणं थांबवतो, असा हा कारभार. ९६ पैकी एक जोडी वरच्या मर्यादेला टेकली की चार्जिंग बंद, मग बाकीच्या पंचाण्णव अर्धपोटी का असेनात. उतरताना उलटं: एक जोडी तळाला गेली की गाडी थांबते.

हिशोब मांडून बघू. लिथियम-आयन बॅटऱ्या सुट्या, विमानाने पाठवायच्या तर एप्रिल २०१६ पासून त्यांत ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवता येत नाही. म्हणजे नवं मॉड्यूल खोक्यातून निघतं तेच साधारण तिसरा हिस्सा भरलेलं. तुमचा पॅक त्या वेळी ६० टक्क्यांवर आहे आणि तुम्ही ते तसंच बसवलंत. क्षमता ६० अँपिअर-तास धरली, तर फरक झाला तीस टक्क्यांचा, म्हणजे १८ अँपिअर-तासांचा. तुम्ही म्हणाल, सगळे सेल एका पातळीवर आणणारं बॅलन्सिंग आहे की. आहे, पण ते चालतं छोट्या रेझिस्टरवर, भरलेल्या सेलमधली वीज हळूहळू जाळून. करंट १०० मिलिअँपिअर धरला तरी १८ अँपिअर-तास जाळायला १८० तास लागतात, म्हणजे सलग साडेसात दिवस. त्यातही बऱ्याच गाड्यांत बॅलन्सिंग फक्त चार्ज पुरा होत आला की चालतं. 'आपोआप जुळेल, चालवत राहा' असं गिऱ्हाइकाला सांगणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

चार्जची पातळी जुळवली तरी क्षमतेतला फरक राहतोच. जुनी मॉड्यूल ४५ अँपिअर-तासांवर उतरली आहेत, नवं ६०चं आहे. सगळी काठोकाठ भरा आणि गाडी चालवा. ४५ संपले की गाडी थांबली. नव्यात १५ उरले, ते वापरता येत नाहीत. म्हणजे ताज्या मालाचे पैसे मोजून पल्ला तेवढाच. मात्र उलट बाजूने, स्वस्तात मिळालं म्हणून ४०चं मॉड्यूल टाकलंत तर ते उरलेल्या ४७ जणांना आपल्या पातळीवर ओढतं. म्हणून मी नेहमी सांगतो, नवं शोधू नका, पॅकच्या वयाचं शोधा. जपानमध्ये फुकुशिमातल्या नामिए गावी निसान आणि सुमितोमो यांच्या भागीदारीतल्या फोर-आर एनर्जीने २०१८ मध्ये कारखाना काढला, तो नेमकं हेच करतो. परत आलेल्या पॅकमधली मॉड्यूल मोजायची, सारखी सारखी निवडायची आणि त्यांचा पॅक पुन्हा बांधायचा. सुरुवातीला असा पॅक तीन लाख येनला मिळत होता, नवा साडेसहा लाखांना. मोजून निवडणं हाच त्यांचा धंदा आहे.

दुसरा प्रकार बसबारचा, म्हणजे मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीचा, आणि तो मला जास्त आवडतो, कारण तो फसवतो. नट टॉर्क, म्हणजे ठरलेला पीळ, न लावता नुसता हाताने आवळला, किंवा पृष्ठभागावरचं ऑक्साइड घासलं नाही, आणि जोडावर एक मिलिओहम जास्तीचा रोध आला. घरच्या ३.३ किलोवॉटच्या चार्जिंगला पॅकमध्ये जेमतेम ९ अँपिअर जातात, फरक पडला ९ मिलिव्होल्टचा. कुणाला कळत नाही. फास्ट चार्जरवर १२० अँपिअर आले की त्याच जोडावर १२० मिलिव्होल्ट, आणि जवळजवळ साडेचौदा वॉट उष्णता, तीही एका नटाखाली. व्होल्टेज मोजणारी तार त्या जोडाच्या पलीकडून आली असेल तर बीएमएसला तो सेल भरल्यासारखा दिसतो आणि तो चार्जिंग तोडतो. सेल बिचारा ठणठणीत असतो.

म्हणून प्रत्येक जोडीच्या व्होल्टेजचे आकडे तीन वेळा वाचा: गाडी तासभर उभी असताना, चार्ज होताना आणि जोरात पळवताना. एखादी जोडी तिन्ही वेळा खालीच किंवा वरच असेल तर चार्जची पातळी जुळलेली नाही. उभी असताना बरोबर, चार्ज होताना वर आणि पळवताना खाली, असं असेल तर रोध आहे. मग जोड तपासा. जोड चोख निघाला तर सेल आतून म्हातारा झालाय. एवढं कळल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

बाकीचं भराभर सांगतो. तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिला तर काही गाड्यांत स्क्रीनवर उणे ४० दिसतं. शून्याखाली लिथियम चार्ज करणं सेलला घातक, म्हणून बीएमएस चार्जिंग नाकारतो, आणि भर मे महिन्यात नाकारतो! झाकणाचं सील नीट बसलं नाही, आत ओल गेली, तर इन्सुलेशन उतरतं. आंतरराष्ट्रीय नियम आर-१०० प्रमाणे डीसी बाजूला व्होल्टमागे किमान १०० ओहम लागतात, म्हणजे ४०० व्होल्टला ४० किलोओहम. फास्ट चार्जर करंट सोडण्याआधी हे स्वतः तपासतो, म्हणून घरी चार्ज होणारी गाडी तिथे अडू शकते. पाण्याने थंड होणारा पॅक असेल तर पाइपात अडकलेली हवा काढलीत का ते बघा. आणि काम चालू असताना बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली असेल तर आधी ती भरा, निम्मे विचित्र कोड तिनेच काढलेले असतात.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे येणारे पॅक एलएफपीचे असतात. मल्टीमीटरवर सगळी मॉड्यूल सारखी दिसतात, तरी चार्जिंग लवकर तुटतं.)

बरोबर, एलएफपीत, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये, मल्टीमीटर उपयोगाचा नाही. मधल्या पट्ट्यात चार्ज दहा टक्के हलला तरी व्होल्टेज जेमतेम काही मिलिव्होल्ट हलतं. फरक दिसतो तो अगदी टोकाला. म्हणून मॉड्यूल बसवा, टॉर्क लावा, आणि बीएमएस तोडेपर्यंत मंद चार्जरवर भरा. तिथे आकडे वाचा. नवं मॉड्यूल मागे राहिलं असेल तर पॅक सोडवून फक्त त्यालाच, सेलमागे ३.६५ व्होल्टची मर्यादा लावून, कमी करंटने भरा. ते पुढे गेलं असेल तर बल्ब लावून उतरवा. दोन्ही वेळा हजार व्होल्टचे हातमोजे आणि सर्व्हिस प्लग, म्हणजे पॅकचं सर्किट तोडणारा प्लग, काढलेला. झाकण दोनदा उघडावं लागतं, एक जास्तीचा दिवस जातो. तो दिवस अंदाजपत्रकात आधीच लिहा, नाहीतर गिऱ्हाईक घाई करतं आणि आपण झाकण लावून मोकळे होतो.