यात तांबं किती निघेल?

नमस्कार मंडळी, मी आयुष्यभर लॅबमधली मशिनं सांभाळली, आता रिटायर आहे त्यामुळे बोलायला वेळच वेळ. आज बोलतो जुन्या सुपरकंडक्टिंग मॅग्नेटचं शेवटी काय करायचं ते. औषधातला रेणू कसाय ते बघायला एनएमआर मशिन असतं, त्याचा तो तीन पायांवर उभा असलेला, दुधाच्या मोठ्या कॅनसारखा दिसणारा पिंप म्हणजे मॅग्नेट. पुण्यात असले पिंप कमी नाहीत, पाषाण रोडला एनसीएल, आयसर, शिवाय औषध कंपन्या, आणि दवाखान्यातला एमआरआय म्हणजे त्याचाच आडवा भाऊ.

तर आमच्या ओळखीच्या एका लॅबमधला असा पिंप लिलावात गेला आणि कुदळवाडीहून भंगारवाला गॅस कटर घेऊन हजर. पहिला प्रश्न काय, "काका, यात तांबं किती निघेल?" म्हणलं बाबा, आधी तो कटर खाली ठेव.

कारण या मॅग्नेटला बंद करायचं बटणच नसतं. आत नायोबियम-टायटॅनियम या मिश्रधातूची तार गुंडाळलेली, ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली, उणे २६९ अंशाला, तिथे तारेचा विजेला होणारा विरोध शून्य होतो. एकदा करंट सोडला, दोन्ही टोकं जोडली आणि सप्लाय काढून घेतला की तो करंट वर्षानुवर्षं गोल गोल फिरत राहतो, गुरुवारची लाइट गेली तरी याचं काही अडत नाही. ४०० मेगाहर्ट्झवाला मॅग्नेट म्हणजे ९.४ टेस्ला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दोन लाख पटीहून जास्त. मुंबईत २०१८ साली एका हॉस्पिटलात एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर नेला, तो मशिनने खेचला आणि एका तरुणाचा जीव गेला, आठवत असेल.

म्हणून पहिलं काम मॅग्नेटमधला करंट उतरवणं. गळ्यातून आत एक रॉड घालतात, पॉवर सप्लाय जोडतात आणि करंट हळूहळू खाली आणतात. घाई केली किंवा हेलियम संपू दिला तर तार तापते, सगळी ऊर्जा एका दमात उष्णता होऊन बाहेर येते, त्याला क्वेंच म्हणतात. एक लिटर हेलियमचा सातशे लिटरच्या वर गॅस होतो आणि खोलीतला ऑक्सिजन हटवतो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस खोकायच्या आत आडवा. पैशाच्या हिशोबानेही हे वाईटच, आपल्याकडे हेलियम जवळपास सगळा बाहेरून येतो, तो फुग्यासारख्या मोठ्या बॅगेत पकडून परत द्रव करता येतो, आणि ज्याच्या शोधाची आठवण म्हणून विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात तो वायू खिडकीतून सोडायचा म्हणजे मला तरी पटत नाही.

मग मॅग्नेट गरम होऊ द्यायचा, त्याला दिवसच्या दिवस लागतात. या काळात गळे सताड उघडे ठेवायचे नाहीत, आत थंडी एवढी की बाहेरची हवाच गोठून बूच बसतं, खाली उरलेला हेलियम उकळतो आणि त्याला वाट नाही, पुढचं सांगायला नको. एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह लावला की झालं. करंट गेलाय का नाही ते दोऱ्याला यू-पिन बांधून आम्ही लांबूनच बघायचो, चुंबकत्व मोजायचा गॉसमीटर असला तर उत्तमच.

त्या दिवशीचा पिंप या सगळ्यातून गेलेला होता, पण एक गोष्ट राहिली होती, व्हॅक्यूम. थर्मास असतो ना तसं दोन भिंतींच्या मध्ये निर्वात, तो तसाच. मी बाजूचा व्हॉल्व्ह उघडला आणि कितीतरी वेळ नुसतं स्स्स्स, ते भंगारवालं पोरगं चार पावलं मागे. नंतर गॅसने नाही तर ग्राइंडरने, जपून कापलं, कारण आत मायलरचे, म्हणजे चकचकीत प्लास्टिकच्या पातळ कागदाचे, थरावर थर असतात, एकदम पेट घेतात ते.

आता तांब्याचं. गुंडाळी जड लागते, वरून तांबंच दिसतं, पण त्या तांब्यात केसासारखे नायोबियम-टायटॅनियमचे धागे भरलेत. तांबं १०८५ अंशाला वितळतं, नायोबियमला २४७७ लागतात, म्हणजे भट्टीत तांबं वितळलं तरी धागे त्यातच अडकून राहतात, आणि वरून एपॉक्सीचा गोंद चिकटलेला, म्हणून शुद्ध तांब्याचा भाव मिळत नाही. मी एक तुकडा तांबट आळीतल्या ओळखीच्या काकांना दाखवला, त्यांनी वाकवून बघितला आणि म्हणाले, "हे तांब्यासारखं ऐकत नाही." एवढ्यात सगळं आलं की! तोच तुकडा नायट्रिक आम्लात टाकला तर तांबं निळंहिरवं होऊन विरघळतं आणि धाग्यांचा झुपका उरतो, पोरांना दाखवायला यासारखी गोष्ट नाही (पण फ्यूम हूडमध्येच, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, तपकिरी धूर विषारी).

२०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत लॅबची उपकरणं आणि वैद्यकीय उपकरणं दोन्ही आलीत, म्हणजे नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचं. ठीक आहे, पण त्या कागदासोबत "करंट उतरवला, व्हॅक्यूम सोडला" असं सहीनिशी लिहिलेलं पान जायला हवं, ते कुणी देत नाही. लॅबवाल्यांना सगळं माहीत असतं आणि कापणारा मात्र दुसराच असतो. भंगारात द्यायच्या आधी दुसऱ्या कॉलेजला विचारा, सुटे भाग कुणाला तरी लागतातच.

तो कुदळवाडीचा पोरगा हल्ली लांब गळ्याचं काहीही आलं की आधी फोटो पाठवतो. परवा एक आला, खाली लिहिलेलं, "काका, हा झोपलाय का जागा आहे?" बघितलं तर हॉटेलातला चहाचा बंब होता.