डीएक्स-सेव्हन : बोटाचा जोर आणि नादाचा रंग

श्रोतेहो, नमस्कार.

पट्ट्या असलेलं आणि विजेवर चालणारं काहीही दिसलं की आपण त्याला ‘कॅसिओ’ म्हणून मोकळे होतो. आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे ते वाद्य कॅसिओचं नाही, यामाहाचं आहे. नाव डीएक्स-सेव्हन. 1983 साली जपानमधून आलं. 61 पट्ट्या, एका वेळी 16 सूर, वजन 14 किलोच्या घरात आणि अमेरिकेतली किंमत 1,995 डॉलर. वर फिरवायचं बटण एकही नाही. सपाट, दाबायची बटणं, दोन सरकपट्ट्या आणि दोन ओळींचा छोटासा पडदा. त्या पडद्याला आतून दिवाही नाही, त्यामुळे अंधाऱ्या रंगमंचावर वादकाला बॅटरी धरून वाचावं लागे.

पण या वाद्याची खरी गंमत त्याच्या जन्माच्या गोष्टीत आहे.

साल 1967. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ. जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार, मूळचे तालवादक, संगणकावर आवाज तयार करून पाहत होते. ते ना इंजिनियर, ना गणिती. व्हायोलिनवाला तारेवर बोट हलवतो तेव्हा सूर कसा थरथरतो, तोच थरथराट ते संगणकाकडून काढून घेत होते. सेकंदाला पाच-सहा वेळा सूर वर-खाली. मग त्यांनी वेग वाढवला. दहा वेळा, वीस वेळा, आणखी पुढे. आणि एका टप्प्यावर थरथर ऐकू येईनाशी झाली. पंखा हळू फिरताना पाती वेगळी दिसतात आणि जोरात फिरला की नुसतं वर्तुळ दिसतं, तसंच हे. कान थरथर मोजायचा थांबला आणि त्याला ऐकू आला एक नवाच नाद. घंटेसारखा. थरथर आणखी खोल केली की नाद आणखी तीक्ष्ण. दोन साधे सूर, त्यातला एक दुसऱ्याला हलवतो, आणि त्यातून घंटा, पितळी वाद्यं, लाकडाचा ठोका, काय हवं ते. यालाच एफएम पद्धत म्हणतात. तुमच्या रेडिओवरचं एफएम तत्त्वाने तेच, फक्त इथे दोन्ही लहरी कानाला ऐकू येणाऱ्या.

विद्यापीठाने हे घेऊन अमेरिकेतल्या ऑर्गन कंपन्यांची दारं ठोठावली. हॅमंड, वुर्लिट्झर, लोरी. कुणालाच त्यात काही दिसलं नाही. लहरींची गणितं हा त्यांचा प्रांतच नव्हता. मग जपानहून यामाहाचे एक तरुण इंजिनियर आले, काझुकियो इशिमुरा. चाउनिंग यांनी समजावायला सुरुवात केली आणि काही मिनिटांत इशिमुरांच्या डोक्यात प्रकाश पडला. मधल्या काळात काय झालं? तर विद्यापीठाने चाउनिंग यांना नोकरीत कायमच केलं नाही! पुढे त्यांना परत बोलवावं लागलं. 1975 मध्ये यामाहाशी करार झाला, 1977 मध्ये पेटंट मिळालं, आणि त्या पेटंटने विद्यापीठाला दोन कोटी डॉलरहून जास्त मिळवून दिले. कुणाला घरी पाठवायचं हे ठरवणाऱ्या समित्यांबद्दल माझं मत मी इथे सांगत नाही, तुम्हाला ते कळलंच असेल.

करारानंतर वाद्य हातात यायला आठ वर्षं गेली. सुरुवातीला यामाहाने याच तत्त्वावर अवाढव्य, महागडी यंत्रं काढली. ते सगळं चिपमध्ये बसलं तेव्हा कुठे डीएक्स-सेव्हन झालं.

आता त्याचं बलस्थान. आत सहा लहर-यंत्रं आहेत, त्यांना ऑपरेटर म्हणतात. कोण कुणाला हलवणार याच्या 32 मांडण्या ठरलेल्या आहेत. त्यात बोटाचा जोर नुसता आवाज मोठा करत नाही, तर हलवणाऱ्या लहरीची खोली वाढवतो. म्हणजे हळू वाजवलं तर मऊ, जोरात वाजवलं तर टणक. परत सांगतो : जोर बदलला की नाद बदलतो, नुसता आवाज नाही. म्हणूनच कारखान्यातून भरून आलेल्या नादांच्या पहिल्या संचातल्या अकराव्या क्रमांकाच्या इलेक्ट्रिक पियानोने ऐंशीच्या दशकातली कितीतरी गाणी भरून गेली.

हे स्वतः करून पाहायचं असेल तर फंक्शन बटण दाबा, मग 10. त्याने एक कोरा, साधा सूर मिळतो. आता दुसरा ऑपरेटर निवडा, एडिटमध्ये 27 दाबून त्याची पातळी शून्यापासून हळूहळू वाढवा. सूर गोल असतो तो धारदार होत जाईल. मग 28 दाबून त्याच ऑपरेटरची संवेदनशीलता सातापर्यंत न्या, आणि बोटाच्या जोराने रंग बदलताना ऐका. एवढं जमलं की पुढचं सगळं याचंच वाढवलेलं रूप.

खोडी मात्र भरपूर. प्रत्येक आवाजात, म्हणजे साठवलेल्या प्रत्येक नादात, ठरवायचे दीडशेच्या आसपास आकडे, आणि पडद्यावर एका वेळी एकच दिसतो. म्हणून बहुतेकांनी कारखान्यातले आवाज सोडून काही बनवलंच नाही. पट्ट्यांचे दोन भाग करून दोन वेगळे आवाज लावता येत नाहीत, प्रतिध्वनी नाही, आउटपुट एकच, मोनो. सूरही सप्तकाचे बारा सारखे भाग पाडूनच लावलेले, रागाप्रमाणे हलवता न येणारे. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवलं, त्यात हीच तक्रार होती. मूळ डीएक्स-सेव्हनही त्याच रांगेत. 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र पट्ट्यांचे सूर वेगवेगळे लावता येतात. मींड हवी तर चाक आहे, फंक्शनमध्ये 3 दाबून त्याची मर्यादा ठरवा.

जुनं वाद्य विकत घेताना काय बघाल? एक, मागची पाटी. जपानचं असेल तर ते 100 व्होल्टचं, म्हणजे थेट आपल्या सॉकेटला लावलंत की संपलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. दोन, प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही प्रकारे वाजवा. पट्टीखाली विजेचे दोन संपर्क असतात आणि त्यांच्यामधल्या वेळेवरून जोर मोजला जातो. तिथे धूळ गेली की एखादी पट्टी मुकी होते किंवा एकदम किंचाळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर बऱ्याचदा सुधारते.

तीन, आणि हे महत्त्वाचं, बॅटरी. आत सीआर-2032 ही नाण्यासारखी गोल बॅटरी सोल्डर केलेली असते, साठवलेले आवाज तिच्यावर टिकतात. फंक्शन आणि मग 14 दाबलं की व्होल्टेज दिसतं. तीनच्या जवळ ठीक, अडीचच्या खाली बदला. पण आधी आवाज वाचवा. परत सांगतो : आधी आवाज, मग बॅटरी. फंक्शनमध्ये 8 दाबत ‘सिस इन्फो’ चालू करा, पुन्हा 8 दाबून मिडी (वाद्य आणि संगणक यांना जोडणारी भाषा) ट्रान्समिट आलं की ‘येस’. 32 आवाज मिळून 4,104 बाइट संगणकात जातील. परत भरताना मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे आवाज पुसले जाऊ नयेत म्हणून असलेलं कुलूप, आधी बंद, नाहीतर काहीच शिरणार नाही. नवी बॅटरी बसवताना सोल्डर न करता खोबण बसवून घ्या. पुढच्या वेळी सोल्डर करणाऱ्या हाताची गरज नाही.