थेंब फुगतो तेव्हा

अंबड एमआयडीसी, नाशिक. पहाटेची वेळ. या थंडीत फर्नेस ऑइल, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायचं जड तेल, काकवीसारखं घट्ट होतं. शंभर अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ते नोझलमधून नीट फवारलं जात नाही. म्हणून बॉयलरवाले काका आधी हीटर लावतात आणि काटा वर चढायची वाट बघतात.

फवाऱ्यातला थेंब जेमतेम केसाच्या जाडीचा. भट्टीत त्याचं काय होतं ते डोळ्यांना दिसणं शक्य नाही. म्हणून शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिथली मुलं त्याच तेलाचा मिलिमीटरभर थेंब तारेवर टांगतात. ही तार म्हणजे थर्मोकपल. थेंबाच्या पोटातलं तापमान तीच सांगते.

आता तापलेली भट्टी थेंबावर सरकते. बघा.

आधी हलके घटक उडून जातात. मग पोटात बुडबुडा धरतो. थेंब फुगतो, फुटतो, तुषार उडवतो, आक्रसतो. परत फुगतो. चुलीवर पिठलं रटरटतं ना, अगदी तसा.

एकाच घटकाचं शुद्ध इंधन असतं, तर गणित सोपं होतं. थेंबाच्या व्यासाचा वर्ग ठरावीक वेगाने घटत जातो; थेंबाचा व्यास दुप्पट, तर वेळ चौपट. १९५३ पासून हा नियम अभियंत्यांच्या हाताशी आहे. पण जड तेलात हजारो घटक, आणि त्यातले अस्फाल्टीन, म्हणजे सगळ्यांत जड, डांबरासारखे घटक, तर वाफ होतच नाहीत. साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यांचे रेणूच तुटतात. हलके तुकडे वायू होऊन निघतात, उरलेले एकमेकांना चिकटून कोक, म्हणजे कोळशासारखा घट्ट कार्बन, बनतात. म्हणून मुलांनी तेलाचे गट पाडले आणि बाष्पीभवनाबरोबर रेणू तुटण्याचा वेगही समीकरणात घेतला. तापमान थोडं वाढलं की हा वेग कितीतरी पटींनी वाढतो. तो हिशेबात नसेल, तर गणिताची संगणकाच्या पडद्यावरची रेषा थेंब संपला म्हणते, आणि तारेवर मात्र काहीतरी शिल्लक असतं. पातळ तेलाचं गणित जाड तेलाला लावून भागत नाही, ते इथे स्पष्ट दिसतं.

बॉयलरमध्ये हाच कोक काजळी होऊन चिमणीतून बाहेर पडतो, गंधकाचा धूर वेगळाच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात या तेलाच्या वापरावर बंदी घातली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली हा उरलेला गोळा. काळा, आतून पोकळ, अंगभर भोकं. वाफ जिथून फुटून निघाली, ती ही जागा.

चिमटा जरा दाबला, की चुरा होतो.