पीबीसीच्या एका औषधाची माघार

श्रोतेहो, नमस्कार. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजेच पीबीसी, या यकृताच्या दीर्घकालीन आजारात शरीराची प्रतिकारशक्ती यकृतातील बारीक पित्तनलिकांवरच उलटते. रुग्णांत बहुसंख्य मध्यमवयीन स्त्रिया असतात. अंगाला सतत सुटणारी खाज आणि कितीही विश्रांती घेतली तरी न हटणारा थकवा त्यांच्या पाचवीला पुजलेला असतो. ऊर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे यावरचे पहिले औषध, पण ते सर्वांना पुरेसे पडत नाही. अशा रुग्णांसाठी मे 2016 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओबेटिकोलिक आम्लाला त्वरित मंजुरी दिली. रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्तनलिकांना इजा झाली की वाढणारे विकर, उतरते, एवढाच तिचा आधार होता. यकृताचे प्रत्यारोपण टळते किंवा आयुष्य वाढते, हे कंपनीने नंतर सिद्ध करायचे होते.

ते सिद्ध झाले नाही. 334 रुग्णांच्या चाचणीत औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ठोस फरक दिसला नाही. त्याआधीच, यकृत फार बिघडलेल्यांना आठवड्यातून एकदा द्यायची 5 मिलिग्रॅमची गोळी काहींना रोज दिली गेल्याचे उघड झाले होते. मृत्यूंचीही नोंद झाली आणि 2018 मध्ये माहितीपत्रकावर चौकटीतला कडक इशारा आला. डिसेंबर 2024 मधील आकडे तर अस्वस्थ करणारे आहेत : सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणे, नसलेल्या रुग्णांतही, औषध घेणाऱ्या 81 पैकी 7 जणांना प्रत्यारोपण करावे लागले, न घेणाऱ्या 68 पैकी एकाला. युरोपीय आयोगाने 2024 मध्येच मंजुरी रद्द केली होती. सप्टेंबर 2025 मध्ये प्रशासनाच्या विनंतीवरून कंपनीने अमेरिकेतूनही औषध मागे घेण्याचे जाहीर केले.

दुसरा उपाय नसलेल्या रुग्णाला दहा वर्षे थांबा असे सांगता येत नाही, म्हणून त्वरित मंजुरीची वाट मला मुळात अयोग्य वाटत नाही. मात्र औषध दुकानात मिळू लागले की रुग्ण चाचणी सोडून ते बाहेरून घेऊ लागतात, आणि मग पुरावा गोळा होणेच अवघड होते. पुढची चाचणी मंजुरीपूर्वीच सुरू झालेली असावी, अशी अट घालण्याचा अधिकार प्रशासनाला 2022 च्या कायद्याने मिळाला. तो फार आधी मिळायला हवा होता.

ज्यांचे आप्त अमेरिकेत हे औषध घेत होते, त्यांनी पुढचे उपचार यकृततज्ज्ञांना विचारूनच ठरवावेत. 2024 मध्ये तेथे मंजूर झालेली एलाफिब्रानोर आणि सेलाडेलपार ही औषधेही त्वरित मंजुरीनेच आली आहेत. त्यामुळे ती घेताना यकृताच्या रक्ततपासण्या ठरल्या वेळी करून घेणे आवश्यक आहे.